मुठीत मावणारं हत्यार

ट्यूबमास्तर कुणाकडेही सरळ बघत नसत. समोर उभे राहिले की मान उजवीकडे वळवायचे, डावा डोळा पुढे आणायचे आणि मग तुमच्यावर नजर रोखायचे. पहिल्या भेटीत मला वाटलं, हा माणूस मला चोर समजतोय. पुढे कळलं की त्यांच्या उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध एक भोक पडलेलं आहे. त्या डोळ्याला भिंत दिसायची, दार दिसायचं, कॅलेंडरच्या कडा दिसायच्या, फक्त ज्याच्याकडे बघावं ते तेवढं दिसायचं नाही. वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं, सगळा कारभार एकट्या डाव्या डोळ्यावर होता. त्यांच्या घरात, त्यांच्या धंद्यात आणि पुढे आमच्या मैत्रीत, सगळ्यांत मोठी काळजी त्या डाव्या डोळ्याची होती.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. नव्या जीन्सवर मांडीपाशी जो विटका पट्टा असतो, तो हल्ली पुष्कळ ठिकाणी लेझरने काढतात. कापडाचा वरचा निळा रंग उजेडाने जाळायचा, खालचा पांढरा दोरा उघडा पाडायचा. हा उजेड जिच्यात तयार होतो ती काचेची ट्यूब हळूहळू थकते, तडकते, आणि मग मास्तरांना फोन जातो. पालेगावातल्या घरून ते ट्यूब गोधडीत गुंडाळून शेअर रिक्षाने निघायचे. ट्यूब माणसाच्या उंचीला जवळ जाणारी. ती मांडीवर आडवी ठेवायची, एक टोक रिक्षाबाहेर, आणि शेजारच्या दोघांनी तिला हात लावून सांभाळायची, असा त्यांचा नियम होता. अनोळखी माणसंही निमूटपणे सांभाळायची. एकदा एक बाई म्हणाल्या, "काका, आत काय बाळ झोपलंय काय?" मास्तर म्हणाले, "बाळच आहे. रडलं तर माझा दिवस वाया."

मी अंबरनाथच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि विज्ञानकथा लिहितो. ही जोडी ऐकून लोक हसतात, मास्तरही हसले होते. त्या वेळी माझी एक कादंबरी मासिकात क्रमशः येत होती. तिच्या नायकाकडे किरणांचं पिस्तूल होतं. एका संपादकाने पत्रातून टोमणा मारला की लेखकमहाशयांनी आयुष्यात एकदा तरी लेझर बघावा. टोमणा लागला. म्हणून एका दुपारी मी ओळखीने कॅम्प तीनमधल्या लालूशेठच्या कारखान्यात गेलो. मशीनच्या मागे एक माणूस उताणा पडला होता. फक्त पाय दिसत होते.

"मागं सरा," पाय म्हणाले. "तिकडं खिळ्याला चष्मा आहे, तो घाला. मग बोला."

मी चष्मा घातला आणि माझ्या पिस्तुलाची गोष्ट सांगितली. नायक शंभर मीटरवरून लोखंडी दाराला एका सेकंदात भोक पाडतो, वगैरे. मास्तर मशीनखालून बाहेर आले, मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पिस्तूल केवढं?"

"नेहमी असतं तेवढं."

"आणि गरमी कुठं जाणार?"

मला प्रश्नच कळला नाही. लालूशेठ गल्ल्यावरून ओरडले, "सर, इसको मत छेडो! ये मास्टर सबको यही पूछता है. मेरी शादी में हलवाई को भी पूछा था."

मास्तरांनी मला मशीनच्या बाजूला नेलं. तिथे कमरेएवढा एक डबा घरघरत होता आणि त्यातून पाण्याच्या दोन नळ्या ट्यूबकडे गेल्या होत्या. "ही ट्यूब दहा भाग वीज खाते, एक भाग उजेड देते," ते म्हणाले. "बाकीचे नऊ भाग नुसती गरमी. ती न्यायला हे पाणी. पाणी बंद करा, दोन मिनटांत काच फुटते. चांगल्यातलं चांगलं मशीन आणा, तरी तिनातले दोन भाग गरमीच. आणि एवढा संसार मांडून आपण काय करतो? वीतभर अंतरावरून कापडाचा रंग उडवतो. तुमचा हिरो लोखंडाचं दार फोडणार, शंभर मीटरवरून. त्याच्या मुठीत आधी त्याचीच बोटं शिजतील."

मी घरी येऊन त्यांच्यावर चिडलो, तो त्यांच्या बोलण्यात चूक सापडेना म्हणून. आठवड्याने मी पुन्हा गेलो. मग जातच राहिलो.

मास्तरांची मापं किलो-मीटरमध्ये नसायची. हत्याराची गोष्ट काढली की ते डोळे मिटून त्याचं सामान मनातल्या मनात रचायचे आणि मग सांगायचे, "हे कपाटात बसेल," किंवा "याला रिक्षा लागेल." लोखंड हाताच्या अंतरावरून जोडायचं, कापायचं तर हातात धरायची बंदूक आजही मिळते, पण तिच्या शेपटाला केबल असते आणि केबलच्या टोकाला फ्रीजएवढं खोकं. शंभर मीटरवरून दार फोडायचं तर रिक्षा भरून सामान, आणि वर जनरेटर वेगळा. उडतं ड्रोन पाडायचं तर टेम्पो. विमान पाडायचं तर टेम्पोंची रांग, किंवा बोट. "उद्या बॅटरी भारी येईल, ट्यूब भारी येईल, मान्य," ते म्हणायचे. "टेम्पोची रिक्षा होईल. रिक्षाची सुटकेस होईल. पण सुटकेसचं पिस्तूल कसं होणार, ते मला दाखवा. गरमीला बाहेर पडायला अंग पाहिजे. लहान वस्तूला अंगच नसतं."

लांब मारा करण्याचा हिशोब त्यांनी मला औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर शिकवला. त्या पाकिटाच्या चंदेरी कागदाला त्यांनी आधी दाभणाने एक भोक पाडलं, शेजारी बारीक सुईने दुसरं. मग शाळेतल्या मास्तरांकडे असते तसली लाल टिचकी, म्हणजे लेझर पॉइंटर, दाभणाच्या भोकातून समोरच्या भिंतीवर मारली. लहानसा ठिपका पडला. मग सुईच्या भोकातून मारली. ठिपका पसरून लिंबाएवढा झाला आणि फिका पडला. मी परत परत करून बघितलं. भोक लहान, ठिपका मोठा.

"उजेडाचं असंच आहे," मास्तर म्हणाले. "अरुंद तोंडातून काढला की तो पसरतो. लांबवर टोकदार पोचवायचा तर तोंड मोठं पाहिजे. ताटलीएवढा आरसा, परातीएवढा आरसा, जास्त लांब असेल तर आख्ख्या खोलीएवढा. तुमच्या पिस्तुलाचं तोंड केवढं?"

"बोटाएवढं."

"मग दाराला गुदगुल्या होतील."

लेखकाचा अहंकार ही फार चिवट गोष्ट असते. मी पुढच्या प्रकरणात लेझर काढून टाकला आणि नायकाच्या हाती कणांच्या झोताचं पिस्तूल दिलं. अणूच्या आतले कण प्रचंड वेगाने सोडायचे. हे मास्तरांना येणार नाही, अशी माझी खात्री होती. आठ दिवसांनी त्यांनी मला पालेगावला घरी बोलावलं. इमारतींच्या मधे अजून उरलेल्या एका भाताच्या तुकड्यासमोर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यांच्या बायकोने, मालनकाकूंनी, चहा दिला. काकू आजारातून उठलेल्या होत्या, अंगात पोलकं सैल होत होतं.

"काकूला मुंबईला शेक द्यायचे, कॅन्सरचा," मास्तर म्हणाले. "तेच तुमचं कणांचं मशीन, सर. मी रोज दाराबाहेर बसायचो. दार मी बोलतो, पण ती भिंतच होती, रुळावर सरकणारी. एक दिवस तिथल्या पोरीला विचारलं, भिंत केवढी जाड? चार हात बोलली. मशीन चालवणारी सगळी माणसं बाहेर पळायची, आत एकटी हीच. का, तर त्या कणांना कुठं थांबवलं की त्यांच्यातून दुसरे किरण सुटतात, ते चालवणाऱ्यालाच लागतात. आत निर्वात नळी, तिला मोठाले पंप, तिला वीज, तिला पाणी. एवढं करून झोत किती लांब? हातभर. हिच्या गाठीपर्यंत. उघड्या हवेत सोडला तर हवाच त्याला अडवते, आणि सगळे कण एकाच जातीच्या विजेचे, ते आपसातच ढकलाढकली करतात. तुमच्या हिरोला पिस्तुलाबरोबर चार हात जाड भिंत उचलून फिरावं लागेल."

काकू आतून म्हणाल्या, "तेव्हा मी आत रडत होते, आणि हे बाहेर भिंत मोजत होते."

मास्तर खाली बघत म्हणाले, "मग दुसरं काय करणार होतो?"

मी त्या दिवशी कादंबरी थांबवली. संपादकाला तब्येतीचं कारण कळवलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी डोळ्याची हकिगत सांगितली. जीन्सच्या पितळी बटणांवर नाव कोरायचं एक वेगळं लेझर मशीन असतं. त्याला झाकण असतं. पण झाकण लावायचं, काढायचं म्हटलं की हात थांबतो, आणि कामगाराला पैसे नगावर. म्हणून मशीन आलं की पहिल्या आठवड्यात झाकण निघतं आणि त्यावर कुणीतरी डबा खायला बसतं. ही चाल तिथे इतकी रुळलेली की झाकण लावून काम करणारा माणूस नवखा समजतात. मास्तरही झाकणाविना मशीन लावत होते. एक बटण नको तेवढं चकचकीत निघालं. त्या मशीनचा उजेड डोळ्याला दिसत नाही. मास्तरांना फक्त डोळ्याच्या आत 'टक्' असा आवाज ऐकू आला. दुखलं नाही. मान वर करून, डावा डोळा झाकून त्यांनी शेठकडे पाहिलं, तर शेठच्या मानेवर चेहराच नव्हता.

"दार फोडायला टेम्पो लागतो सर," ते म्हणाले. "डोळ्याला पेनाएवढं पुरतं. डोळा स्वतःच भिंग आहे ना, आलेला उजेड गोळा करून आत टाचणीच्या टोकाएवढा करतो. बाकीचं काम तोच करतो. मुठीत मावेल असं एकच हत्यार या जातीत होऊ शकतं, आणि ते आधीच झालंय. बाजारात मिळतं."

डॉक्टरांनी तेव्हा त्यांना सांगितलं होतं की आता उरलेला जपा. मालनकाकूंना वाचता येत नाही. सकाळ-दुपार-रात्रीच्या सात गोळ्या होत्या, त्यातल्या तीन दिसायला सारख्या. मास्तर रोज पाकिटावरची नावं डाव्या डोळ्याने वाचून त्या वाटीत काढायचे. "हा गेला तर हिच्या गोळ्या कोण वाचणार?" असं ते अगदी साधेपणाने म्हणायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनखाली शिरायचे. दर मशीनचा चष्मा वेगळा, कारण एका रंगाचा चष्मा दुसऱ्या रंगाला अडवत नाही. चार चष्मे, चार रंगांच्या दोऱ्या. घातल्याशिवाय ते बटण दाबत नसत आणि दुसऱ्यालाही दाबू देत नसत. लालूशेठच्या कारखान्यात आता बटणाच्या मशीनचं झाकण स्क्रूने पक्कं केलेलं होतं, आणि तो स्क्रू-ड्रायव्हर मास्तरांच्या खिशात असायचा.

एवढं सगळं ऐकून, शिकून मी जे केलं, ते आता सांगतो.

आमचा अंबरनाथला हौशी नाटकवाल्यांचा एक गट आहे. गिरीश दिग्दर्शक. बँकेत नोकरी, पण जीव नाटकात. स्पर्धेसाठी त्याला माझी एकांकिका हवी होती. मी अडलेल्या कादंबरीतूनच एक काढून दिली, पिस्तुलासकट. रंगमंचावर सगळं खपतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. गिरीशने पुठ्ठ्याचं पिस्तूल करून घेतलं आणि त्याच्या पोटात बाजारातून आणलेली एक जाडजूड हिरवी लेझर बत्ती बसवली. धुराच्या मशीनमधून धूर सोडला, दिवे मंद केले आणि ट्रिगर ओढला. सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी सळई उभी राहिली. आम्ही सगळे ओरडलोच.

"सर, नंबर आपलाच," गिरीश म्हणाला. "हे बघा आता." त्याने आगकाडी झोतात धरली. तीन-चार सेकंदांत ती पेटली.

बत्तीवरच्या चिठ्ठीत ती अगदी निरुपद्रवी असल्याचं लिहिलं होतं. शाळेच्या टिचकीसारखी. पण शाळेची टिचकी आगकाडी पेटवत नाही. हे मला त्या सभागृहात एकट्याला माहीत होतं. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. स्पर्धा चार दिवसांवर होती. पोरं आनंदाने एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि कितीतरी दिवसांनी माझं पिस्तूल कुणाला तरी आवडलं होतं. मी गप्प बसलो. पिस्तूल प्रेक्षकांकडे वळत नाही, पिस्तूल धरणारा आमचा नट सचिन नीट नेम धरतो, चार दिवसांत काय होतंय, असं मी मनाशी म्हणत राहिलो.

शेवटच्या तालमीला मी मास्तरांना बोलावलं. त्यांनी फोनवर विचारलं, "बंदूक खरी नाही ना, सर? मला कुठला चष्मा घेऊन यायचा ते कळायला पाहिजे."

"नाही हो," मी म्हणालो. "खेळण्यातली आहे."

ते काकूंना घेऊन आले. पांढरा शर्ट, केसांना तेल. तिसऱ्या रांगेत बसले. गळ्यात चष्म्याची एकही दोरी नव्हती.

एकांकिकेच्या शेवटी खलनायक झालेला सचिन शास्त्रज्ञ बाईवर पिस्तूल रोखतो. बाईचं काम वैदेही करत होती. तिने नळीकडे ताठ बघत उभं राहायचं, डोळा मिटायचा नाही, असं गिरीशने तिच्याकडून घोटून घेतलं होतं. तिच्यामागे दुर्बिणीचा आरसा म्हणून स्टीलची नवी परात टांगली होती. आधी सचिन भिंतीवर एक वार करतो, मग बाईकडे वळतो. धूर आला, संगीत चढलं, आणि हिरवी सळई विंगेच्या भिंतीवर जाऊन आपटली.

"बंद करा!" मास्तर उभे राहून ओरडले. संगीतात कुणाला ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबला आणि उजवा, भोक पडलेला डोळा उघडा ठेवून ते मंचाकडे निघाले.

त्या डोळ्याला समोरचं काही दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसत होतं त्यावरून ते खुर्च्यांच्या पाठी चाचपत जात होते. पायऱ्यांशी अडखळले. गिरीश "काका, काका" करत राहिला. मी जागचा उठलो आणि तिथेच उभा राहिलो. सचिन वैदेहीकडे वळत होता. सळई भिंतीवरून सरकत, पडद्यावरून सरकत तिच्या खांद्याकडे येत होती, आणि ती शिकवल्याप्रमाणे डोळे ताठ उघडे ठेवून उभी होती. मास्तरांनी तिला एका हाताने खाली दाबलं आणि सचिनच्या समोर गेले. सचिन दचकला. पिस्तूल वर उडालं. मनगट धरायला एक हात पुरेना, म्हणून मास्तरांनी डोळ्यावरचा हात काढला. झटापटीत त्यांचं तोंड मागे वळलं, झोत परातीवर पडला आणि परातीवरून त्यांच्या डाव्या डोळ्यात परत आला.

या वेळी आवाज झाला नाही. मास्तरांनी सचिनचं बोट ट्रिगरवरून सोडवलं, पिस्तूल जमिनीवर पालथं ठेवलं आणि हळूच खाली बसले. दिवे लागले.

"पोरी," ते म्हणाले, "तुला नीट दिसतंय ना? भिंतीवरचं घड्याळ वाच बघू."

वैदेहीने रडत रडत घड्याळ वाचलं. मास्तरांनी मान हलवली. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, पुन्हा उजवीकडे वळवली. मी समोर उभा होतो. "सर आहेत का इथं?" त्यांनी विचारलं.

बदलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आत रक्त साकळलंय, ते ओसरलं म्हणजे खाली किती उरलंय ते कळेल. महिना, दोन महिने लागतील. बाहेर बाकावर मी मास्तरांना खरं सांगितलं. काडी पेटलेली मी पाहिली होती. ते म्हणाले, "गिरीश बोलला मला, रिक्षात." काकू मात्र माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्यांना खेळण्यातली बोललात," एवढंच म्हणाल्या आणि पुढचे पाच आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत.

आम्ही स्पर्धेत उतरलो नाही. ती बत्ती गिरीशने हातोड्याने फोडली. पोलिसात जा, असं मास्तरांना बऱ्याच जणांनी सांगितलं. ते कुणाला हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांचं लक्ष मोजण्यात होतं. मी रोज संध्याकाळी पालेगावला जायचो. काकूंच्या दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या नावं वाचून तीन वाट्यांत काढायचो. मग मास्तर चौकटीच्या वहीचं पान भिंतीला लावायला सांगायचे आणि हात लांब करून डोळ्यातल्या काळ्या डागाचं माप घ्यायचे. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, "मूठ." तिसऱ्या आठवड्यातही मूठच. मला झोप लागत नव्हती. वर्गात शिकवताना मी समोरच्या पोरांचे चेहरे मुठीने झाकून बघायचो, एवढं गेलं म्हणजे काय काय जातं ते बघायला. पाचव्या आठवड्यात ते म्हणाले, "संत्रं." काकू स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, साखर किती घालू. मग आणखी पंधरा दिवसांनी डाग लिंबाएवढा झाला, आणि आम्ही तिघं रोज त्या पानासमोर बसायला लागलो. सुपारी व्हावा, मटार व्हावा, एवढंच मागणं होतं. तो लिंबावर थांबला.

लिंबाएवढ्या डागात एका गोळीचं नाव आख्खं बुडतं. मास्तरांनी अजून एक महिना वाट पाहिली. मग लालूशेठला घरी बोलावून खिशातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला आणि तो कुणाकडे ठेवायचा त्या कामगाराचं नाव सांगितलं. लालूशेठ पायऱ्या उतरताना मोठ्याने रडत होते. साताऱ्याकडे मास्तरांचा पुतण्या असतो. त्याची बायको नर्स आहे, ती गोळ्या बघेल असं ठरलं. घर विकलं.

निघायच्या आदल्या रविवारी मी गेलो तेव्हा सामान बांधून झालेलं होतं. आम्ही गोधड्यांच्या गाठोड्यांवर बसलो. मास्तर म्हणाले, "कादंबरीचं काय झालं?"

मी ती पुन्हा लिहायला घेतली होती, पहिल्यापासून. नवं प्रकरण पिशवीतच होतं, पण काढायची हिंमत होत नव्हती. त्यांनी वाचायला लावलं. आता माझ्या नायकाकडे पिस्तूल नव्हतं. डोंगर पोखरून बसवलेलं एक यंत्र होतं, तीन मजली, खोलीएवढ्या आरशाचं. त्याची गरमी न्यायला शेजारी तलाव बांधलेला, भिंती चार हात जाड. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. आता कुठल्याच डोळ्याने बघण्यात अर्थ नसल्यामुळे ते मान वळवत नसत. तलाव किती मोठा ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आणखी थोडा वाढवा म्हणाले. आरसा साफ कसा करणार, पंप बंद पडला तर दुसरा आहे का, असं एकेक विचारत गेले आणि मी पेन्सिलीने लिहून घेत गेलो. काकू भांड्यांचं खोकं दोरीने आवळत होत्या.

"आणि हे चालवायला माणसं किती लागतात?" त्यांनी विचारलं.

मी पान मागे उलटून पाहिलं. "बावीस."

मास्तर थोडा वेळ मनात काहीतरी रचत राहिले.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "बावीस जणांत एखादा तरी नाही म्हणेल."

मला सभागृहातली ती पेटलेली काडी आठवली, आणि गप्प बसलेला मी. पुढची ओळ माझ्यासमोर होती. ती मला वाचता आली नाही.